छत्तीस

पर्किनची बरगडी एका मिनिटात छत्तीस वेळा वर आली.

एव्हरिलनं घड्याळ धरून पुन्हा मोजलं. छत्तीसच. कुत्रा गाढ झोपलेला असताना हा आकडा तिसाच्या आत हवा. जुलैत तो बावीस होता. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. तरीही तो वाढू लागला तेव्हा, ऑगस्टमध्ये, ती जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी पर्किनच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग ती नळी तिच्या कानांत दिली. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे, जिथं काहीच ऐकू यायला नको, तिथं काहीतरी झिरपत होतं.

कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा हंगाम संपू दे, मग सांगू सगळ्यांना, असं तिनं त्या दिवशी ठरवलं. आज हंगामातलं शेवटचं प्रदर्शन होतं.

मे महिन्यात कुत्री हिरवळीवर धावतात. ऑक्टोबरात गुरांच्या बाजाराची शेड मिळते, मेंढ्यांच्या वासासकट. पर्किनच्या या छोट्या स्पॅनियल जातीची चाळीस-चाळीस कुत्री यायची एके काळी. आज रिंगणात अकरा होती. त्यांतल्या सातांच्या कपाळावर, दोन कानांच्या बरोबर मधे, अंगठ्याएवढा तांबूस ठिपका होता. पर्किनचा ठिपका. पर्किन चॅम्पियन झाला त्या वर्षी जो तो पिल्लांसाठी आपली मादी घेऊन एव्हरिलच्या दारात उभा राहिला होता आणि तिनं कुणालाही नाही म्हटलं नव्हतं.

"नवरदेव झोपलेत वाटतं!"

थोरा आली. वय चौऱ्याहत्तर, काखेत तिची कुत्री टॅन्सी, कोटाच्या खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. गेली तीस वर्षं प्रदर्शनांत दोघींच्या कुत्र्यांची बाकं शेजारी-शेजारी लागत होती.

"थकलाय तो," एव्हरिल म्हणाली.

"थकेल नाहीतर काय! अर्ध्या रिंगणाचा बाप आहे." थोरा स्वतःच्याच बोलण्यावर हसली. "गुरुवार लक्षात आहे ना? टॅन्सी अगदी वेळेवर माजावर आलीय. त्याला म्हणावं, कान धुऊन बस."

एव्हरिलनं अंगातला स्वेटर काढून पर्किनच्या खाली सरकवला.

"पुढच्या खेपेला जमायचं नाही गं," थोरा जरा हळू बोलली. "जानेवारीत टॅन्सी आठ पुरी करेल. मग तिची पिल्लं कुणी नोंदवूनसुद्धा घेणार नाही. एकच ठेवून घेईन, मादी. क्लेम गेल्यापासून घरात माझ्या पायात दुसरं कुत्रं येत नाही बघ; टॅन्सी तर सदा काखेत. स्वयंपाकघरातून सरळ चालत जाते, कुणाला न ओलांडता."

रिंगणात टाळ्या पडल्या. परीक्षक स्कॉटलंडचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी बिडी नावाच्या तीन वर्षांच्या ठिपकेवाल्या मादीला पुढं काढलं होतं. तिचं डोकं दोन्ही हातांत धरून ते प्रेक्षकांकडे वळले. "हिचा बाप आलाय का इथं? त्याच्यासारखंच हुबेहूब डोकं घेतलंय पोरीनं."

सगळ्यांनी एव्हरिलकडे पाहिलं. तिनं मान डोलावली.

बिडीची मालकीण जेसमी धावतच आली. मनगटाला पहिल्या बक्षिसाची तांबडी फीत. ती एव्हरिलपुढं थांबली. "मिसेस स्टॉबर्ट, बघितलंत? आता हिचं हृदय तपासून घेते. कागद हातात आला की जानेवारीत पिल्लांचं बघू." ती चहाच्या टेबलामागच्या छोट्या खोलीत गेली. वर्षातून एकदा या जातीचा क्लब तिथं कुत्र्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना बोलावत असे. जे आपणहून जातील त्यांनीच जायचं. एव्हरिल या वर्षी गेली नव्हती.

जेसमी बाहेर यायला सात मिनिटं लागली.

ती बाकापर्यंत आलीच नाही. दाराशीच जमिनीवर बसली, कागद गुडघ्याखाली दाबला आणि बिडीच्या बरगडीला कान लावला. फीत अजून मनगटावरच होती. बिडीला वाटलं, खेळ चाललाय. ती जेसमीचे केस चाटू लागली.

"तीनच वर्षांची आहे," जेसमी म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही.

"अरे देवा!" थोरानं टॅन्सीला घट्ट धरलं. "एवढ्या लहान वयात हृदयाचं दुखणं? कुठून आलं गं हे तिच्यात?" मग तिनंच उत्तर शोधलं. "आईकडून असणार. ते वेल्सचं घराणं. मी तेव्हाच म्हटलं होतं, दिसायला झकास, आतून पोकळ. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"तुझ्या पर्किनमुळे निदान रूप तरी आलं पोरीला."

आवाजानं पर्किन जागा झाला. थोराला ओळखून त्याची शेपटी बाकाच्या फळीवर आपटू लागली. थोरानं खिशातून कलेजीचा तुकडा काढून त्याच्यापुढं धरला. तो उठून बसला आणि खोकला. एकदा. मग आणखी दोनदा.

थोराचा हात तसाच राहिला.

"गुरुवारी येऊ नकोस, थोरा."

"मग शुक्रवारी आणू? चालेल की."

"शुक्रवारीही नको." एव्हरिलनं पर्किनच्या कपाळावर, त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. तो तिथं नेहमीसारखाच नेमका बसला. "ते आईकडून आलेलं नाही. पर्किनचं आहे. मला ऑगस्टपासून माहीत आहे. टॅन्सीला त्याची पिल्लं होणार नाहीत, थोरा, आणि इथं त्याची जी सात आहेत, त्यांनाही होऊ द्यायची नाहीत. त्यांच्या लोकांना मी आत्ता सांगणार आहे. सर्वांत आधी जेसमीला."