पाठ केलेलं पान

जयंतरावांच्या मुलीचं, शर्वरीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न वैशाखात झालं. श्रावणात, घरोघरी बसवलेल्या कानबाई देवीचं विसर्जन होऊन एक दिवस उलटला होता, तेव्हा पार्वतीबाई नातवाचं मनगट घट्ट धरून लिंबायत वस्तीतल्या वर्गाचा जिना चढून आल्या. वर्ग अजून भरायचा होता.

वर्ग म्हणजे लेसच्या दुकानावरच्या दोन खोल्या. डोक्यानं चांगली, पण वाचायचं म्हटलं की अडून बसणारी मुलं तिथं शाळा सुटल्यावर येत. शिक्षिका गायत्री त्यांना रव्याच्या थाळीत बोटानं अक्षर काढायला लावी, खरखरीत कागदाची अक्षरं डोळे मिटून चाचपायला देई. याला डिस्लेक्सिया म्हणतात, हे ती पालकांना समजावून सांगे. पालक ऐकून घेत आणि विचारत, वाचायला कधी लागेल? ते काही सांगता येत नसे. पैशांचं जयंतराव पाहत. ते बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे सांभाळले, आता भाडं आणि शिक्षिकांचं मानधन यांसाठी दारोदार फिरत.

आषाढात कापड रंगवायच्या डाइंग मिलचे मालक भाईदास शेठ देणगी द्यायच्या आधी वर्ग बघून गेले होते. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, "एक छोकरा वाचतो तेवढं ऐकवा, बस." खोल्यांचं भाडं थकलेलं. जयंतरावांनी पार्वतीबाईंच्या नातवाला, अमोलला निवडलं, कारण त्याचा आवाज खणखणीत होता आणि पाठांतर पक्कं. एक पान त्याच्याकडून घोटून घेतलं. बोट कुठल्या ओळीवर कधी सरकवायचं, तेही शिकवलं. गायत्री म्हणाली, "काका, हे बरं नाही." ते म्हणाले, "एकदाच." मग अमोलला जवळ घेऊन सांगितलं, "हे आपल्यातच ठेवायचं हं. कुणाला बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही."

शेठ खूश झाले. "बहु सरस!" म्हणाले, निम्मे पैसे तिथंच दिले आणि उरलेले दिवाळीनंतर देतो म्हणाले. पार्वतीबाई त्या दिवशी दाराशी बसून पदरानं डोळे पुसत होत्या.

आज त्यांचे डोळे कोरडे होते.

"सायेब, याले इचारा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कानबाईना सामने गल्लीतल्या समद्या बाया बसाड्या. नवी पोथी आनी. म्हनलं, मना नातू वाचस, ऐका. आनी हाऊ? दगड! तोंडच उघडं नई."

"घाबरला असेल, पार्वतीबाई. चारचौघांत पोरं घाबरतात."

"शेठले नई घाबरना तो? उषाबाई माले काय म्हने, 'पार्वता, तुना नातू फक्त शेठ लोकेसले वाची दाखाडस का व?' समद्या हासन्यात." त्यांचा आवाज खाली आला. "मंग मी मारं त्याले. खोटं काय सांगू. तरी एक शब्द नई."

अमोलच्या दंडावर उलथन्याचा वळ उठला होता. आई नसलेलं पोर, बाप हजिऱ्याला कंत्राटी कामावर. पार्वतीबाईंनी घरी साड्यांचे धागे कापायचं काम करून वाढवलेलं. इतका मार खाऊनही त्यानं जयंतरावांचा शब्द मोडला नव्हता. तो रडत नव्हता, रागावलेलाही नव्हता. नुसता जयंतरावांकडे बघत उभा होता, शिक्षकाकडे पाणी प्यायला जाऊ का विचारताना मुलं उभी राहतात तसा.

एका वाक्याचं काम होतं. याला वाचता येत नाही, मीच पाठ करून घेतलं. पण उषाबाईंचा मुलगा भाईदास शेठच्याच मिलमध्ये होता. आज हे वाक्य गल्लीत गेलं की उद्या शेठच्या कानावर, आणि परवा या दोन खोल्यांना कुलूप.

जयंतराव खिडकीकडे बघत म्हणाले, "वाचेल हळूहळू. तुम्ही मारू नका."

गायत्री थाळीतला रवा सारखा करत होती. तिचा हात थांबला. "मावशी, जरा ऐका..."

"गायत्री," जयंतराव म्हणाले. तेवढंच. तिनं मान खाली घातली.

पार्वतीबाईंनी नातवाचं मनगट सोडलं. "सायेब, तुम्ही देवमानूस. तुमनासामने सांगस. हाऊ माले वाची दाखाडस नई, तवलोंग मी यानासंगे बोलाव नई."

"मोठीमाय..." अमोल म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि गायत्रीला म्हणाल्या, "बाई, त्याले सांगा, वर्ग सुटना का सीधा घर ये म्हनावं. भाकर झाकी ठेवेल शे." मग भिंतीला हात लावत जिना उतरून गेल्या.

अमोल आपल्या जागी बसला. थाळी पुढं ओढली. जयंतरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"काका," अमोलनं विचारलं, "आता सांगू का मोठीमायला?"

जयंतरावांनी हात काढून घेतला.

"दिवाळी होऊ दे," ते म्हणाले.

दिवाळीनंतर भाईदास शेठचे उरलेले पैसे आले, आणि वर्ग टिकला. अमोलनं पहिलं पान खरोखर वाचलं ते होळीच्या सुमारास. पार्वतीबाई त्याआधीच, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, राहत्या घरी वारल्या.