बोटुकली

माशांचं बी विकणाऱ्या बीवाल्याने टेम्पोतून पिशव्या उतरवल्या तेव्हा थोरला तळ्याच्या बांधावर उभाच होता. टम्म फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, तळाशी थोडं पाणी आणि त्यात बोटाएवढे मासे. धंद्यातली माणसं त्यांना बोटुकली म्हणतात. थोरल्याने एक पिशवी उजेडाकडे धरली, हलवली, कानाशीही नेऊन पाहिली.

"अर्ध्याच्या वर तर हवाच भरलीय."

हवा भरली नाही तर वाटेतच गुदमरतील, असं बीवाल्याने समजावलं. थोरल्याने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

लोक त्याला पाठीमागे दुर्बीण म्हणत. नाव आधी पडलं, गळ्यातली खरी दुर्बीण त्याने नंतर घेतली. दुधवाला असो, शेजारी असो, सख्खा साडू असो, कुणाच्याही बोलण्यात त्याला पाणी मुरताना दिसायचं. नशीब, तळ्यातलं तेवढं टिकून होतं. मागच्या वर्षी त्याने त्यात पहिल्यांदा बोटुकली सोडली, हौसेने खाऊपिऊ घातलं आणि मासे काढायच्या वेळी हाती शेवाळ आलं. बोटुकली गेली, बोट राहिलं. ते त्याने धाकट्या भावाकडे दाखवलं. धाकट्याचं घर तळ्याला लागून, एवढाच काय तो पुरावा. मग मधे तारेचं कुंपण आलं आणि दोन घरांत अबोला.

बीवाल्याने पिशव्या तोंडं न सोडता पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होऊ दे म्हणून. मग तो टेम्पोतून जाळं घेऊन आला. आधी जाळं ओढायचं, तळ्यात काय आहे ते बघायचं, मगच बी सोडायचं, असं तो म्हणाला.

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. मागच्या बीवाल्यानेही हेच टुमणं लावलं होतं आणि थोरल्याने त्याला जाळ्यासकट वाटेला लावलं होतं. परक्याला तळ्यात जाळं टाकू द्यायचं म्हणजे घराची किल्लीच दाखवून ठेवायची. पण हा गडी हलेना. जाळं नाही तर बी नाही, म्हणत त्याने एक पिशवी परत उचललीसुद्धा. थोरल्याला नमतं घ्यावं लागलं.

"मग तिकडचा दोर तुम्ही धरा, मालक. मी आज एकटाच आलोय."

"मी दोर धरला तर लक्ष कोण ठेवणार?" थोरला म्हणाला.

मागच्या दारात कपडे वाळत घालणाऱ्या त्याच्या बायकोने हे ऐकलं. हातातली चादर तशीच पिळून तिने बादलीत टाकली आणि ती तडक कुंपणापाशी गेली.

"भाऊजी, जरा हात लावायला येता का?"

वर्षभरात तिकडे गेलेलं हे पहिलं वाक्य. थोरला तिला काही बोलणार, तोवर धाकटा तारा वाकवून अलीकडे आलाही. दादाकडे न बघता त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, दोर घेतला आणि पलीकडच्या काठाला गेला. हाकेच्या अंतरावर होता तो, तरी थोरल्याने दुर्बीण डोळ्यांना लावली.

जाळं सरकत आलं. सुरुवातीला पालापाचोळा, एक फुटकी बादली. मग मधोमध जड झालं आणि पाणी उसळलं. दोघांनी काठावर ओढून घेतलं तेव्हा चिखलात एक मरळ आपटत होती. सापासारखं डोकं, हातभर लांब आणि खाऊन खाऊन मांडीएवढी जाड झालेली.

बीवाल्याने तिच्यावर गोणपाट टाकून गुडघा रोवला.

"हे बघा तुमचं मागचं बी, मालक. सगळं हिच्या पोटात. म्हणून तर आधी जाळं ओढतात."

थोरल्याची बायको बांधावर आली. धाकट्याने पहिल्यांदा दादाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो वाट बघत होता.

थोरल्याचे कान तापले. त्याला लाज वाटली, खरोखर वाटली. या भावाला त्याने स्वतःच्या पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, चुकलो. शब्द ओठांपर्यंत आला. त्याने दुर्बीण खाली सोडली, एक पाऊल पुढे टाकलं. आणि त्याची नजर मरळीवरून धाकट्याच्या ओल्या हातांवर गेली.

"पण ही तळ्यात आणून टाकली कुणी?"

पावसाच्या लोंढ्याबरोबर ती आपली आपण येते, असं बीवाला सांगू लागला आणि मधेच थांबला. बायको नुसतं "अहो" म्हणाली.

धाकटा हसला. दोराचं टोक घेऊन तो दादापाशी आला आणि त्याने ते त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

"धर, दादा. हिच्या जोडीची आत असेल, अजून ओढावं लागेल. लक्ष ठेवायला आता दुसरं कुणी बघ."

बीवाल्याने जाळं पुन्हा पाण्यात सोडलं. पिशव्यांतली बोटुकली प्लास्टिकला तोंडं लावून ताटकळली होती. थोरला चिखलात पाय रोवून ओढू लागला. गळ्यातली दुर्बीण प्रत्येक हिसक्याला छातीवर आपटत होती. मागे तार वाजली, मग धाकट्याचं दार लागल्याचा आवाज आला. दोर सोडता येत नव्हता, आणि त्याला मान वळवून बघताही आलं नाही.