सलूनबाहेरचा फळा

दिगंबरच्या सलूनबाहेरचा फळा दोन महिने कोरा होता. त्याआधी त्यावर रोज सकाळी अण्णा सरनोबत आपली मतं लिहायचे: क्रिकेटच्या लीगमध्ये कोणाला बसवावं, फुटबॉलच्या कुठल्या प्रशिक्षकाला घरी पाठवावं, कबड्डीत कोण फुकट उड्या मारतो. दाढीला आलेली माणसं त्यावरून भांडत बसायची.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणंच बंद झालं. "डॉक्टर म्हणतात, जीभ चालेल. पण यांनाच बोलायचं नाही," काकू सांगायच्या.

आज त्या अण्णांना दाढीसाठी घेऊन येणार होत्या. दिगंबरनं खडू उचलला आणि मुद्दाम लिहिलं, 'कबड्डीत आपल्या संघानं डाव्या कोपऱ्यावरचा खेळाडू बदलावा. गुडघा गेलेला पोरगा काय कामाचा?' तो पोरगा अण्णांचा लाडका होता.

अण्णा फळ्यापाशी थांबले. दोनदा वाचलं. आपण जखमेवर मीठ चोळलं की काय, असं दिगंबरला वाटायला लागलं.

"कुठल्या गाढवानं लिहिलं हे?" शब्द जड होते, पण अख्ख्या सलूनला ऐकू गेले.

"मी, अण्णा."

"तू केस काप."

अण्णांनी डाव्या हातानं फळा पुसला. खडू दोनदा पडला, काकूंनी उचलून दिला, पण अण्णांनी त्यांना लिहू दिलं नाही. वेड्यावाकड्या अक्षरांत अण्णांनी लिहिलं, 'पोरगा ठेवा. जरा वेळ द्या.'

"मला नाही पटत," तोंडाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं.

अण्णा शेजारच्या खुर्चीत टेकले. "का नाही पटत? बोल."