असिरय्यानं चुट्टा सोडला

अकराव्या दिवशी सकाळी असिरय्यानं मिठाचा डबा भिंतीवर भिरकावला. कारण एवढंच, की माशाच्या कालवणात मीठ कमी होतं.

त्याची बायको नूकम्मा चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. सांडलेल्या मिठाकडे तिनं पेंगुळल्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणाली, "आता घालायचं म्हटलं तरी मीठ उरलं नाही."

एरवी तो हसला असता. पण अकरा दिवसांपूर्वी त्यानं चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची ती जाड विडी, सोडला होता आणि हसू त्याच्याबरोबरच गेलं होतं. सोडला कसला, सोडावा लागला. जाळं ओढताना धाप लागायची. नावेच्या मालकानं तोंडावर सांगितलं, "दम कमव, नाहीतर किनाऱ्यावर बसून जाळी शिव." दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, की महिनाभर अंगात त्राण राहणार नाही, डोकं धरेल, उगाच राग येईल. भरपूर पाणी प्यावं, दुपारी जरा पडावं, पण पुन्हा तोंडाला लावू नये. यातलं उगाच राग येण्याचं तेवढं असिरय्या मनापासून पाळत होता.

सोडला त्याच दिवशी तो दुकानवाल्या सन्यासम्माकडे गेला होता. गावातले सगळे चुट्टे ही सत्तरीची म्हातारी स्वतः वळायची. त्यानं तिला गंगम्मा देवीची शपथ घातली. "आत्या, माझ्या घरी चुट्टा द्यायचा नाही. मी पाया पडलो तरी नाही. नूकम्माला पाठवलं तर तिलाही नाही."

म्हातारी वळता वळता थांबली, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं शपथ घेतली.

गंगम्माची शपथ त्यानं पूर्वीही एकदा घातली होती, लग्नानंतर आठच दिवसांनी, नूकम्माला. त्याची आई त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या जुन्या बायकांसारखी चुट्टा उलटा ओढायची, पेटतं टोक तोंडात धरून. समुद्राच्या वाऱ्यात तो विझत नाही आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. शेवटी टाळूला जखम होऊन ती गेली. माझ्या घरात बाईमाणसानं चुट्ट्याला हात लावायचा नाही, असं असिरय्यानं ठरवून टाकलं. स्वतः तो रोज दहा ओढायचा. पण तो सुलटा ओढायचा, आणि पुरुषाला काही होत नाही अशी त्याची समजूत होती.

चुट्टा सुटल्यावर त्याचं नाक उघडलं होतं. घराला, अंथरुणाला, नूकम्माच्या पदरालासुद्धा तंबाखूचा वास येत होता. तीस वर्षं आपण हिला धुरात ठेवलं, असं वाटून एका दुपारी त्याचे डोळे भरून आले होते. पण ते तेवढ्यापुरतंच.

कारण हल्ली नूकम्मानंच त्याचं डोकं उठवलं होतं. पहाटे माशांची टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई आता अर्ध्या वाटेत बसकण मारायची. परवा टोपलीभर मासे तसेच परत आले. रात्री तळमळायची, दिवसा पेंगायची. आणि तोंड सुटलं होतं. पूर्वी सकाळची कामं ती मिटल्या तोंडानं उरकायची, काही विचारलं तर नुसतं 'हं'. बायको असावी तर अशी, म्हणून तो नावेवर फुशारकी मारायचा. आता एकाला दोन ऐकवायची.

"चुट्टा मी सोडला आणि थकवा तुला?" तो ओरडला.

"थकव्याचा मक्ता काय तुम्ही एकट्यानं घेतलाय?"

"मी डोकं धरलं की तूही धरतेस. मी पाण्याचा तांब्या उचलला की तुलाही तहान लागते. माझं इथं मरण चाललंय आणि तुला नकला सुचतात?"

"नकला नाहीत हो."

"मग काय आहे?"

नूकम्मानं बोलायला तोंड उघडलं, पण लगेच ओठ घट्ट मिटले. "काही नाही. जाईल आपोआप."

"तूच जा!" तो म्हणाला. "टेक्कलीला भावाकडे जा आणि हवं तेवढं लोळ. मी बोलावीन तेव्हा ये. नाही बोलावलं तर येऊ नकोस."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आता ही चिडेल, भांडेल, मग मिटेल. पण नूकम्मानं वरवरचं मीठ गोळा करून डब्यात भरलं. एक लुगडं पिशवीत घातलं. दारात वळून म्हणाली, "माठ भरून ठेवलाय. दुपारी जरा पडा."

नऊच्या बसनं ती गेली.

दुपारी तो पडला, पण झोप आली नाही. माठातलं पाणी प्यायला. घर इतकं गप्प होतं, की ती टोमणे मारणारी बाई त्याला हवीहवीशी वाटू लागली. कशाला बोललो, असं शंभर वेळा मनात आलं. हातांची थरथर थांबेना. ऊन कलल्यावर तो उठला आणि सन्यासम्माच्या दुकानापुढे जाऊन बसला.

"एकच दे, आत्या."

"शपथ आहे रे."

"मोड. नूकम्माला घालवून दिलं मी. घर रिकामं आहे. आता सोडून तरी काय करू?"

म्हातारीचे हात थांबले. "गेली? कालच तर बसली होती, तू बसलायस तिथंच. अशीच थरथरत होती."

"मी तिला पाठवलं नव्हतं."

"तुझ्यासाठी कुठं आली होती?" सन्यासम्मानं सुपातलं तंबाखूचं पान हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. "मीच म्हटलं, शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी, घे एक. तीस वर्षांची सवय, अशी एकदम नाही तोडता येत. तिनं हातात घेतला, हुंगला आणि परत ठेवला. म्हणाली, 'नको आत्या. घरात वास आला, तर त्यांचा सुटायचा नाही.'"