फांदीवरचं पाखरू

चंदनाला बघायला तासगावहून द्राक्षबागायतदार जिनदत्तकाका, काकू आणि त्यांचा मुलगा आर्जव आले होते. हा सातवा कार्यक्रम. समोरच्या भिंतीवर चंदनाचं चित्र होतं. जपानी पद्धतीनं तिनं स्वतः लाकूड कोरून ते छापलं होतं: फुललेली फांदी आणि कळीला चोच लावून बसलेलं पाखरू. आधीच्या सहाही पाहुण्यांनी त्याबद्दल एकच विचारलं होतं, प्रिंटर कुठल्या कंपनीचा? त्यामुळे तिला आज बसवतच नव्हतं. आर्जवनं विचारलं, "ऑनलाइन मागवलं काय?"

तिच्यापेक्षा जास्त चुळबुळ काका करत होते. पोहे तसेच ठेवून सारखे भिंतीकडं बघत होते. काकूंनी दोनदा चिमटा काढला. शिक्षण विचारून झालं, स्वयंपाक विचारून झाला, आणि काका ताडकन उठले. जोरात टाळ्या वाजवून भिंतीवर ओरडले, "हाऽऽ हुर्रर्र!"

पाखरू हललं नाही. बाकी सगळे हलले.

"आवं, चित्र हाय ते!" काकू कुजबुजल्या.

"व्हय, कळतंय की मला," काका खाली बसत म्हणाले. "पर मगाधरनं कळी खातंय न्हवं ते. बघवंना गड्या."

पाहुणे गेल्यावर आईनं धास्तावून विचारलं, "पोरगा कसा वाटला गं?"

"त्याचं बघू नंतर," चंदना म्हणाली. "सासरे पसंत आहेत."