एकट्याच आलात

कपडे शिवणाऱ्या मावशींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि मशीन बंद झालं. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी केलेला अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा त्या ते घेऊन कचेरीत गेल्या.

कारकुनानं खिडकीतून पत्र घेऊन वाचलं. "मावशी, तपासणीला तुम्ही एकट्याच तीन जिने चढून आलात. म्हणून डॉक्टरांनी 'मदतीची गरज नाही' असा शेरा मारलाय."

"त्या तीन जिन्यांना पाऊण तास लागला मला. दोनदा पायरीवर बसले. ते कुणी लिहिलं नाही."

"म्हणून तर कुणाला तरी बरोबर आणायचं असतं. बरोबरच्या माणसानं सांगितलं की त्यांना पटतं." त्यानं अपिलाचा कागद पुढे ओढला. "द्या, मीच भरतो. या वेळी सोबत कोण येणार? नाव सांगा."

मावशी त्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिल्या. रांगेत मागे कुणीतरी घसा खाकरला. कारकून पेन धरून थांबला होता.

"दादा," त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं नाव काय?"