आतली पूजा

फिल्म बनत बनत शेवटाला आली आणि कॉम्प्युटर पुन्हा आपोआप बंद होऊन सुरू झाला. शिवदासने कपाळावर हात मारला. उद्या हेमाचं वर्षश्राद्ध, आणि बायकोच्या आठवणींची एवढी एक फिल्म काही त्याच्या हातून पुरी होत नव्हती.

"तिलाच नको असेल," तो म्हणाला.

"वहिनींना कशाला मध्ये आणतोस? साधे फोटो बघताना चालतो ना नीट? मग जड काम आलं की तापत असणार." दुरुस्तीला आलेल्या मुश्ताकने पॉवर सप्लाय आधीच बदलून पाहिला होता. आता त्याने कॅबिनेटचं झाकण काढून आत टॉर्च मारला.

पंख्याखाली वाळक्या झेंडूच्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या, हळदीने माखलेल्या. दर खंडेनवमीला शिवदासच्या या फोटो स्टुडिओतल्या यंत्रांची पूजा हेमाच करायची. कॅमेऱ्यांवर नुसतं फूल वाहायची, पण कॉम्प्युटरच्या जाळीतून मात्र एकेक पाकळी आत सरकवायची. "बाहेरून वाहून काय उपयोग? राबतंय ते आतलं," म्हणायची. शिवदास हसायचा.

मुश्ताकने ब्लोअर लावला. पिवळा भुगा उडाला आणि दारातून रस्त्यावर गेला.

तासाभरात फिल्म पुरी झाली. कॉम्प्युटर एकदाही अडखळला नाही. मुश्ताक हात धुऊन निघून गेला, तेव्हा पंखा नव्यासारखा फिरत होता.

शिवदास फरशीवर गुडघे टेकून टेबलाखाली टॉर्च मारत राहिला. एखादी तरी पाकळी राहिली असेल.